भावनगरहून कोसबाडकडे

शाळेतील अध्यापन सुधारावयाचे ठरले की परिपत्रक काढावे आणि तपासनीस पाठवावा, ही रीत आम्हां नोकरपेशातील मंडळींच्या अंगवळणी पडलेली आहे. परंतु विसाव्या शतकातील बालशिक्षणाचा इतिहास चाळला असता निराळेच दिसून येते. तेथे वर्गातील सुधारणा शिक्षकांनीच परस्परांच्या सोबतीने घडवून आणली. आणि तिचा एक प्रमुख आरंभ महाराष्ट्राबाहेर, काठेवाडातील भावनगर संस्थानात झाला, ही गोष्ट परप्रांती राहणाऱ्या आम्हांस विशेष जवळची वाटते.

गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले व १९२० साली त्यांनी तेथे बालमंदिर काढले. राजकोटच्या स्त्री-अध्यापन विद्यालयाचे प्रमुखपद सोडून ताराबाई मोडक १९२३ साली त्यांस येऊन मिळाल्या. एक गुजराती, दुसऱ्या मराठी. परंतु दोघांनी मिळून मॉण्टेसरी पद्धती आपल्याकडील मुलांच्या अंगी लागेल अशी करून घेतली. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. भावनगरचे वर्ग पाहणे ज्या शिक्षकांस शक्य नव्हते, त्यांच्यापर्यंत हे अनुभव 'शिक्षण पत्रिके'तून गुजरातीत व मराठीतही पोहोचू लागले.

१९४५ साली ताराबाईंनी आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालवाडीचे काम हाती घेतले. तेथे अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. मॉण्टेसरीची साधने महाग. म्हणून शंख-शिंपले, खडे, बिया आणि पाने यांचीच साधने बनविण्यात आली. सुमारे तपाभराने हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले शाळेत येत ना. कारण कोणी गुरे राखी, तर कोणी धाकटे भावंड सांभाळी. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणून 'विकासवाडी' उभी राहिली. गुराखी मुलांसाठी तर शाळाच कुरणावर गेली.

हजेरीपटावरील गैरहजेरीची खूण पाहून शेरा मारणे सोपे असते. या दोघींनी मात्र मूल का आले नाही, याचा विचार एकत्र बसून केला आणि उत्तर सापडताच शाळा बदलली. आमच्यापैकी कोणाच्या मेजावर एखाद्या शाळेचा अहवाल येत असेल, तर त्यांनी एवढे अवश्य विचारावे: तेथील शिक्षक आपल्या वर्गांतील अडचणींविषयी एकमेकांशी बोलतात काय, आणि त्यासाठी त्यांस आपण वेळ ठेवला आहे काय?