बाळू पालवणकर : एका गोलंदाजाचें चरित्र

हिंदुस्थानांतील क्रिकेटचा इतिहास सांगतांना राजेरजवाड्यांचीं नांवें प्रथम ओठांवर येतात. परंतु या देशाचा पहिला थोर गोलंदाज पुण्याच्या जिमखान्यांत खेळपट्टीवर रूळ फिरविण्याच्या चाकरीस होता. त्यांचें नांव बाळू पालवणकर.

घराणें मूळचें कोंकणांतलें, जन्म १८७५-७६ च्या सुमारास, धारवाड येथें, ज्ञाति चांभाराची. पुण्याच्या युरोपियन जिमखान्यांत त्यांना दरमहा ४ रुपये मिळत. तेथील ग्रेगसाहेब नामांकित फलंदाज. त्यांच्या सरावासाठीं बाळू तासन् तास चेंडू टाकीत आणि त्यांतूनच त्यांची डावखुरी मंदगति गोलंदाजी तयार झाली. त्यांच्या हातीं बॅट देण्याचें मात्र साहेबलोकांच्या मनांत कधीं आलें नाहीं.

पुण्याच्या हिंदु मंडळींना साहेबांच्या संघास हरवावयाचें होतें. तेव्हां पुष्कळ वादानंतर बाळूंना संघांत घेण्यांत आलें. मैदानावर सर्व गडी त्यांच्या हातचा चेंडू झेलीत. चहाच्या वेळीं मात्र त्यांचा चहा मंडपाबाहेर, मातीच्या निराळ्या पात्रांत येई. चेंडूस विटाळ नव्हता, पेल्यास होता.

पुढें बाळू मुंबईस गेले व रेल्वेच्या नोकरीस लागले. १९०६ सालीं हिंदु संघानें युरोपियनांचा १०९ धावांनीं पराभव केला, त्यांत त्यांचा वांटा मोठा होता. १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं हिंदी संघ विलायतेस गेला. संघ बहुतेक सामने हरला. परंतु बाळूंनीं त्या दौऱ्यांत ११४ गडी बाद केले, तेहि प्रत्येकीं १९ हूनहि कमी धावा देऊन.

एवढें करूनहि हिंदु संघाचें नायकपद त्यांस मिळालें नाहीं. १९२० सालीं पै यांस नायक नेमून बाळूंना संघांतूनच वगळलें. त्यांचे बंधु विठ्ठल व शिवराम यांनीं निषेध म्हणून माघार घेतली. लोकमत खवळलें, तेव्हां अंतिम सामन्यासाठीं तिघेहि परत आले व बाळू उपनायक झाले. शेवटीं १९२३ सालीं विठ्ठलरावांना नायक नेमलें गेलें, आणि त्याच वर्षीं हिंदु संघानें युरोपियनांना हरवून चौरंगी सामने जिंकले. थोरल्या भावास जें नाकारलें, तें धाकट्यास मिळालें.

१९३७ च्या निवडणुकींत काँग्रेसनें बाळूंना मुंबईंत डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभें केलें. आंबेडकरांना १३,२४५ व बाळूंना ११,२२५ मतें पडलीं. १९५५ सालीं ते निवर्तले.

श्रोतेहो, गुण हातीं असला कीं माणसास मान आपोआप मिळतो, असें आपण मुलांना शिकवितों. बाळूंचें चरित्र त्यांत एक दुरुस्ती सुचवितें. त्यांचा गुण समाजानें तत्काळ उपयोगास घेतला. मान मात्र भांडून मिळवावा लागला, आणि तोहि बराचसा धाकट्या भावाच्या पदरीं पडला.