तंबाखूचा काढा आणि हकिमाचा सवाल

मिरचीवर मावा, फुलकिडे दिसले की बरेच जण तंबाखूचा काढा फवारतात. घरचा, स्वस्त, जुन्या लोकांचा. पण हे झाड आपलं नाही. अमेरिकेतून पोर्तुगिजांच्या जहाजातून ते इकडं आलं.

1560 च्या सुमारास लिस्बनमधला फ्रेंच वकील जाँ निको यानं डोकेदुखीवर औषध म्हणून तंबाखू फ्रान्सच्या राणीकडं धाडली. निकोटिन हे नाव त्याच्यावरूनच पडलं. (आपल्याकडच्या म्हाताऱ्या डोकं दुखलं की तपकीर ओढतात, तो इलाज हाच.)

आता जवळची गोष्ट. अबुल फजल काही काळ जालन्यात राहिला होता. त्याच्या पदरचा असद बेग पुढं अकबराचा वकील म्हणून विजापूरला गेला. तिथं त्याला तंबाखू दिसली. ती घेऊन तो 1604 च्या सुमारास आग्र्याला परतला. बादशहानं झुरके घेतले, तसा हकीम आडवा आला. हे औषध आपल्या ग्रंथात नाही, गुणदोष माहीत नाहीत, बादशहाला कसं द्यायचं? असद बेगनं हुज्जत घातली. तंबाखू मात्र दरबारात रुळली.

1828 मध्ये जर्मनीत निकोटिन वेगळं काढलं गेलं. झाड ते मुळात तयार करतं, पानात साठवतं, किडीनं पान खाऊ नये म्हणून. ते थेट मज्जातंतूंवर काम करतं, किडीच्या आणि आपल्याही. इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं याच वाटेनं किडीला मारतात, पण किडीच्या मज्जातंतूंवर त्यांची पकड माणसापेक्षा कितीतरी जास्त. निकोटिन तसा फरक करत नाही. निकोटिन सल्फेट हे कीटकनाशक तर आपल्या देशात वापरायला बंदी आहे.

म्हणून मला तो हकीम आठवतो. पानात निकोटिन किती, हे वाणावर, जमिनीवर, खतावर ठरतं. पाव किलो तंबाखू दरवेळी सारखी निघत नाही. काढा कातडीतूनही अंगात भिनतो. मळमळ, चक्कर, घाम सुटला तर फवारणी थांबवा, अंग धुवा, दवाखाना गाठा. हातमोजे, तोंडाला फडकं हवंच. लेकरांच्या हाती बादली लागू देऊ नका.

पिंपळगाव रेणुकाईकडच्या मिरचीवाल्यांनो, आणखी एक. वाळल्या तंबाखूत मोझॅकचा विषाणू जिवंत राहतो आणि मिरची, टोमॅटोला लागतो. नुसत्या पाण्यात भिजवलेला अर्क नको, चांगला उकळा. तंबाखू मळलेला हात साबणानं धुतल्याशिवाय रोपाला लावू नका.