रोहूच्या डोक्यातली मोहरी

मंडळी, आज थोडा इतिहास. पोस्ट लांब आहे, पण विषय आपल्या ताटातला आणि आपल्या धरणांतला आहे.

धरणगावच्या बाजारात रोहू, कटला, मृगल मिळतात. हे मासे मूळचे आपल्या तापी-गिरणेचे नाहीत बरं का. मरळ, वाम, शिंगाडा हे आपले. रोहू-कटला गंगेच्या खोऱ्यातले पाहुणे. आणि पाहुणा असा विचित्र की तळ्यात सोडला तर खातो, वाढतो, मादीचं पोट अंड्यांनी गच्च भरतं, पण अंडी काही घालत नाही. आषाढ-श्रावण सरतो आणि ती अंडी पोटातच जिरून जातात.

कारण त्याला पूर लागतो. नदीला गढूळ पाणी आलं, धार वाढली, काठ बुडाले की माशाच्या मेंदूतून खालच्या पिट्युटरी ग्रंथीला निरोप जातो, ग्रंथी रक्तात संप्रेरक सोडते आणि अंडाशय मोकळं होतं. तळ्यातल्या साचलेल्या पाण्यात हा निरोप निघतच नाही. बांकुडा-मिदनापूरकडचे लोक यावर उतारा म्हणून उताराच्या जमिनीला बांध घालायचे. पावसाचं पाणी धावत आत आलं की माशाला वाटायचं नदीच आली! पण ही सोय सगळीकडे कुठून असणार?

म्हणून त्या काळी बीज नदीतून धरलं जायचं. पुरात काठाला बारीक जाळी लावायची, सापडेल ते जिरं हंड्यांत भरायचं आणि कलकत्त्याहून रेल्वेनं दूरदूर पाठवायचं. वाटेत मरायचं ते मरायचं. उरलेल्यात रोहू किती आणि रोहूला खाणारे किती, हे मासे मोठे झाल्यावरच कळायचं. अशा बियाण्यावर कोणता शेतकरी पीक घेईल?

उपाय निघाला तो आधी दक्षिण अमेरिकेत. १९३० च्या दशकात अर्जेंटिनात बर्नार्डो हुसे (पुढे १९४७ चं नोबेल मिळालेले) आणि ब्राझीलमध्ये रोडोल्फो फॉन इहेरिंग यांनी एका माशाची पिट्युटरी काढून तिचा अर्क दुसऱ्याला टोचून पाहिला. आपल्याकडे पंजाबात हमीद खान यांनीही प्रयत्न केला होता. खरं यश आलं ते १० जुलै १९५७ ला, ओडिशातल्या अंगुलला. डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी टोचलेल्या माशांनी बंदिस्त पाण्यात अंडी घातली. २००१ पासून हाच दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात.

पद्धत ऐकून गंमत वाटेल. मासळीबाजारातली मुंडकी घ्यायची, कवटी उघडायची, मेंदू अलगद बाजूला करायचा. खाली मोहरीएवढा पांढुरका दाणा दिसतो, ती ग्रंथी. ती अल्कोहोलमध्ये ठेवायची, लागेल तेव्हा घोटून अर्क काढायचा. मादीला किलोमागे दोन-तीन मिलिग्रॅम, सहा तासांनी पाच ते आठ, नराला एकदाच. संध्याकाळी टोचलं की पहाटेपर्यंत कापडी हाप्यात अंडीच अंडी. म्हणजे पुराचा निरोप सुईतून!

पुढे मुंडकी फोडण्याचंही काम गेलं. कॅनडातून ओव्हाप्रिम आलं, मग मुंबईच्या हेमो फार्माचं ओव्हाटाइड आणि वॉकहार्टचं वोव्हा-एफएच. यांत मेंदूच्या निरोपाचीच कृत्रिम नक्कल असते. ओव्हाप्रिममध्ये जोडीला डॉम्पेरिडोन आहे, हो, तेच आपलं उलटीचं औषध. माशाच्या मेंदूतलं डोपामिन अंडी सुटायला अडवतं, ते या औषधानं बाजूला होतं.

सगळ्याच माशांना सुई लागते असं नाही. लोणावळ्याला वळवणच्या तळ्यावर टाटांनी १९७० च्या दशकापासून महासीरचं बीज केलं, ते पावसाळ्यात पक्व झालेल्या माशांच्या पोटावरून हात फिरवून अंडी काढूनच.

आता आपल्या पोटापाण्याचा मुद्दा. दोन किलोची रोहू मादी एका वेळी चार-पाच लाख अंडी देते. म्हणजे हॅचरीवाल्याला मोजक्याच जोड्या पुरतात आणि फसगत इथेच आहे. नदीत हजारो आईबाप असतात. हॅचरीत तेच दहा-वीस जोडपे, मग त्यांचीच पोरं, मग पोरांची पोरं. कर्नाटकातल्या हॅचऱ्यांचा अभ्यास १९९० मध्ये आला, त्यात जवळच्या नात्यातल्या प्रजननाचा धोका स्पष्ट दिसला. एकाच कुंडात कटला-रोहू एकत्र सोडून संकर होतात ते वेगळंच. बीज दिसायला सारखंच, पिशवीत चमकतं. वर्षभरानं जाळं ओढलं की मासा पावकिलोवर अडकलेला. तोटा कोणाचा? तलाव ठेक्यानं घेतलेल्या संस्थेचा, म्हणजे आपल्या भोई बांधवांचा. हॅचरीवाल्याचे पैसे आधीच वसूल झालेले असतात.

यावर काम झालेलं नाही असं नाही. भुवनेश्वरच्या 'सिफा'नं १९९२ पासून नॉर्वेच्या शास्त्रज्ञांबरोबर वेगवेगळ्या नद्यांचे रोहू गोळा करून निवड पद्धतीनं 'जयंती रोहू' तयार केला, १९९७ मध्ये तो शेतकऱ्यांना दिला. दर पिढीला वाढीत सुमारे १७ टक्के फरक पडला. तेव्हा जून-जुलैत बोटुकली घ्यायला जाल तर भाव विचारण्याआधी दोन गोष्टी विचारा भाऊ. आईबाप मासे कुठून आणले, आणि शेवटचे कधी बदलले?