सिंदखेडचा वाडा आणि समाधीजवळची मूर्ती

बुलढाणा जिल्ह्यात आपल्या नावापुढे ‘राजा’ लावणारी गावे एकाहून अधिक आहेत. खामगावकडचे पिंपळगाव राजा त्यांतलेच. परंतु राजाचे घर पाहावयाचे तर जिल्ह्याच्या दक्षिणेस, सिंदखेड राजाला जावे लागते. तेथे लखुजी जाधवरावांचा वाडा आहे. परंपरेने १२ जानेवारी १५९८ ही जिजाऊंची जन्मतिथी मानली जाते आणि म्हाळसा महाल हे जन्मस्थान. त्या दिवशी येथे माणसांचा महापूर लोटतो; इतर दिवशी प्रवासी भव्य महाद्वार पाहतो, हात जोडतो आणि निघून जातो.

या घराची कथा केवळ जन्मोत्सवाची नाही. २५ जुलै १६२९ रोजी देवगिरीच्या किल्ल्यावर, निजामशाही दरबारात, लखुजी आपल्या दोन पुत्रांसह व नातवासह दगा होऊन मारले गेले. त्यांची समाधी सिंदखेडलाच आहे.

त्या समाधीच्या डागडुजीचे काम चालू असताना केंद्रीय पुरातत्त्व खात्याला जमिनीत काही दगड दिसले. खोदत गेल्यावर मंदिराचा पाया लागला आणि जून २०२४ मध्ये, सुमारे २.३ मीटर खोलीवर, शेषशायी विष्णूची मूर्ती सापडली. लांबी १.७० मीटर, उंची एक मीटर. पायांशी लक्ष्मी, आणि पट्टिकेवर समुद्रमंथनाचा देखावा. दगड शिस्ट जातीचा. दक्षिणेत होयसळांचे मूर्तिकार असाच दगड वापरीत. वऱ्हाडच्या काळ्या कातळात तो मिळत नाही. मग तो, किंवा घडविलेली मूर्तीच, इतक्या दूर कोणी आणविली? जाधवरावांच्या पूर्वी या गावात काय होते? असा प्रश्न मूर्ती तिच्या जागी पाहणाऱ्यालाच पडावयाचा.

नागपुरात संग्रहालय झाल्यास ही मूर्ती त्याचे भूषण ठरेल, असा विचार त्या वेळी अधिकाऱ्यांनी बोलून दाखविला. त्यांची काळजी मला समजते. मऊ दगडाला छप्पर, पहारा व जाणता सांभाळ हवा. गावाचा अभिमान त्याची जागा घेऊ शकत नाही. तरीही कोकणातल्या मालगुंडासारख्या खेड्यात केशवसुतांच्या जन्मघरी १९९४ साली स्मारक उभे राहू शकले. मग सिंदखेडच्या वाड्याच्या आवारात एक बंदिस्त दालन का होऊ नये? त्यात मूर्ती, मंदिराच्या पायाचा नकाशा, १६२९ ची हकीकत आणि गावातील तलाव-बारवांची माहिती एकत्र मांडता येईल. जन्मोत्सवाला येणारे कुटुंब मग महाद्वारावरूनच परतणार नाही. वाड्यातून समाधीपर्यंत ते पायी जाईल, आणि वाटेत एखादे मूल विचारील की हा दगड आला कोठून.