भीमाकांठचा गूळ

घराण्याचा इतिहास बहुधा वंशावळींत आणि सनदांत शोधला जातो. ज्यांच्या घरीं सनद नव्हती, त्यांचा इतिहास पुष्कळदां सणाच्या ताटांत सांपडतो. पुणें जिल्ह्यांतील शिरूर व दौंड तालुक्यांत या इतिहासाचें एक साधन म्हणजे गुळाची पोळी होय.

या दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. मुलूख कमी पावसाचा. बाजरी आणि ज्वारी हेंच येथील मुख्य अन्न. विहिरीच्या मोटेवर ऊस होई तो थोडाच. त्यामुळें गूळ ही सणाची, पाहुण्याची आणि बाळंतिणीची वस्तु होती. पुढें १८५८ सालीं पुण्याहून दिक्सळपर्यंत आगगाडी धांवूं लागली व १८७८ सालीं दौंड-मनमाड मार्ग खुला झाला. या दोहोंच्या मध्यें १८७६-७७ चा भीषण दुष्काळ येऊन गेला. त्याच दशकांत खडकवासल्याच्या धरणाचें काम चाललें होतें. पाटाच्या पाण्यावर पुण्याच्या पूर्वेकडे ऊस वाढला आणि गुऱ्हाळें पेटलीं.

गुऱ्हाळ हें मुलांचें तीर्थक्षेत्रच असे. बैल चरकाभोंवतीं फिरत. चुलवणांत चिपाडें जळत. काहिलींत रस उकळे. भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून गुळव्या मळी काढी. पाक नेमका केव्हां उतरावयाचा, हें त्याच्या डोळ्यांस व बोटांस कळे. क्षणाचा उशीर झाला तर वर्षाची मेहनत काळवंडे. वाटसरूला रस नाकारावयाचा नाहीं, अशी रीत होती. मुलांच्या हातावर ऊन गुळाचा गोळा पडे. तो फुंकून खातांना भाजलेली जीभ म्हातारपणींही आठवणींत राही.

शिरूरच्या सासुरवाशिणीला दौंडकडील माहेराहून ढेप आली, म्हणजे संक्रांतीची तयारी सुरू होई. किसलेल्या गुळांत तीळ, भाजलेलें डाळीचें पीठ, खसखस व वेलदोडे मिसळीत. पोळी फुटून गूळ तव्यावर सांडूं नये, ही सुनेची परीक्षा. मात्र पोळ्या लाटणारी स्वतः शेवटीं जेवी, आणि कित्येकदां तिच्या वांट्याला फुटकी पोळीच येई. या गोड आठवणीची ही बाजू विसरतां येत नाहीं.

पहिला घांस दुसऱ्याचा, ही भावना या भागांत किती खोल होती, याची एक विलक्षण साक्ष शिरूर येथें आहे. इंग्रजांच्या छावणींतील कर्नल वॉलेस १८०९ सालीं वारले. त्यांना ‘सत्पुरुष’ मानून गांवकरी सुगीच्या नव्या धान्याचा नैवेद्य त्यांच्या थडग्यास दाखवीत, अशी नोंद १८८५ च्या पुणें गॅझेटियरमध्यें आहे. परक्या सेनाधिकाऱ्यालाही ज्यांनीं सुगींत वांटेकरी केलें, त्यांच्या गुऱ्हाळावरून वाटसरू तोंड गोड केल्यावांचून कसा जाईल?

आज बैलांचा चरक गेला आहे. यंत्रें आलीं, साखर कारखाने आले. दौंड तालुक्यांत गुऱ्हाळें अद्याप धूर सोडतात, आणि त्यांच्या काहिलींपाशीं पुष्कळदां उत्तरेकडून आलेले कारागीर उभे असतात. त्यांचीं घरें येथून शेंकडों कोस दूर आहेत. गूळ आतां दुर्मिळ राहिलेला नाहीं. बाराही महिने तो दुकानांत मिळतो. पूर्वीची गोडी तो वांटून खाण्यांत होती. ती मात्र दुकानांत मिळत नाहीं. ती प्रत्येक घरानें आपल्या हातानेंच पुढच्या पिढीस द्यावी लागते.