बर्शेन ते माहुल

‘बर्शेन’ हा शब्द ऐकलाय का? नसेल तर घरातल्या सत्तरीपुढच्या कुणालाही विचारा. बर्मा-शेल कंपनीने १९५५ च्या सुमारास मुंबईत सिलिंडरमधून स्वयंपाकाचा गॅस विकायला सुरुवात केली, त्याचं हे नाव. कलकत्त्यात ‘इंडेन’ आला तो दहा वर्षांनी, १९६५ साली.

त्याआधी काय होतं? कोळशाची शेगडी, वातीचा स्टोव्ह, आणि तो भर्रर्र आवाज करणारा पंपाचा स्टोव्ह, ज्याची पिन ऐनवेळी कधीच सापडायची नाही. चाळीतली एक खोली, त्यातच मोरी, त्यातच ओटा. रॉकेल जळलं की काजळी निघते, कार्बन मोनॉक्साइड निघतो, नायट्रोजन डायऑक्साइड निघतो. याला ‘प्रदूषण’ म्हणायची पद्धत तेव्हा नव्हती. पदराने डोळे पुसायचे आणि पुढची पोळी लाटायची, बस्स. गॅस आला आणि बायकांच्या छातीतला धूर थोडा कमी झाला. मला तरी मुंबईच्या इतिहासातली ही मोठी घटना वाटते, पण इतिहासाच्या पुस्तकात गिरणी संप असतो, गॅसची शेगडी नसते. असो.

आता हा गॅस आला कुठून ते बघू. तुर्भ्याहून, म्हणजे चेंबूरच्या पलीकडच्या ट्रॉम्बेहून (नवी मुंबईवाले उगाच दचकतील). तिथे १९५४ मध्ये स्टॅनव्हॅकची आणि १९५५ मध्ये बर्मा-शेलची रिफायनरी सुरू झाली. कच्चं तेल शुद्ध करताना प्रोपेन-ब्यूटेन निघतात, तेच दाबाने सिलिंडरमध्ये भरायचे. पुढे सत्तरच्या दशकात राष्ट्रीयीकरण झालं आणि या कंपन्या हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम झाल्या. अंधेरी-बोरिवली-मुलुंडची स्वयंपाकघरं स्वच्छ होत गेली.

आणि या रिफायनऱ्यांच्या कुशीत एक जुना कोळीवाडा आहे, माहुल.

तेल नुसतं शुद्ध करून भागत नाही, साठवावंही लागतं. माहुलच्या आसपास रसायनांच्या टाक्याही उभ्या राहिल्या. बेन्झिन, टोल्युइन, झायलिन ही मंडळी साध्या तापमानालाच उडून जातात. टाकी भरताना आतली वाफ बाहेर ढकलली जाते. ती पकडायची सोय नसेल तर ती शेजारच्या घरात. नव्या रंगाचा, थिनरचा वास आपल्या नव्या फ्लॅटमध्ये चार दिवस येतो ना, त्यातलाच हा प्रकार, फक्त तो चार दिवसांनी जात नाही. शिवाय बेन्झिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो हे पक्कं ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते त्याची ‘सुरक्षित’ अशी पातळीच नाही.

केईएम हॉस्पिटलने २०१३ मध्ये इथल्या लोकांची पाहणी केली. ६७.१ टक्के लोकांना महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागत होती. गावकरी हरित लवादात गेले, आणि डिसेंबर २०१५ मध्ये लवादाने म्हटलं की माहुल आणि अंबापाड्याच्या रहिवाशांच्या आरोग्याला इथल्या हवेचा धोका आहे.

मग सरकारने काय करावं? तिथेच प्रकल्पग्रस्तांसाठी ७२ इमारतींची वसाहत होती, सतरा हजारांवर घरं. तानसाच्या जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवण्याचा हायकोर्टाचा आदेश होता, त्यानुसार २०१७ मध्ये घाटकोपर-विद्याविहारसारख्या भागांतल्या लोकांना इथे पाठवायला सुरुवात झाली. म्हणजे लवादाच्या इशाऱ्यानंतर! इमारती एकमेकींना इतक्या खेटून की खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लागतो. घरातली हवा खराब झाली तर खिडकी उघडा, हा सगळ्या जगाचा सल्ला. इथे खिडकी उघडून आत घ्यायचं काय?

बाहेरच्या हवेत बेन्झिनसाठी आपल्याकडे २००९ पासून मर्यादा आहे, वर्षाची सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम. घराच्या आतल्या हवेसाठी कायद्याने बांधलेली अशी मर्यादाच नाही. आमच्या धंद्यात म्हणतात, जिथे लॉग नाही तिथे बगही नाही :-)

ऑक्टोबर २०१८ पासून काही कुटुंबं माहुल सोडून विद्याविहारच्या फुटपाथवर येऊन बसली, वर्षभराहून जास्त. मुंबईत डोक्यावरचं पक्कं छप्पर सोडून कुणी फुटपाथ निवडतो, यावर कुठल्याही मोजमापापेक्षा माझा जास्त विश्वास बसतो. २०१९ मध्ये हायकोर्टाने सांगितलं की लोकांना जबरदस्तीने माहुलला पाठवू नका. दुसरीकडे घर द्या, नाहीतर महिना १५,००० रुपये भाडं आणि ४५,००० डिपॉझिट द्या.

रिकामी राहिलेली नऊ हजारांवर घरं महापालिकेने २०२५ मध्ये आपल्याच तृतीय आणि चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांना विकायला काढली. किंमत १२ लाख ६० हजार. एवढ्या पैशात मुलुंडला पार्किंग मिळणंही कठीण. तरी मुदत वाढवूनही अर्ज आले ते अगदी थोडे.