अंतरपाट, अक्षता आणि अडीच लाखांचा कॅमेरा

लग्नाच्या फोटोग्राफरकडून कोटेशन मागवून बघा. दर लिहिण्याआधी तो यादी देतो: फुल फ्रेम कॅमेरे दोन, ड्रोन एक, गिंबल एक, लेन्स अमुक कंपनीची. लग्नाचा आचारी आपल्या कोटेशनमध्ये कढई कुठल्या कंपनीची हे लिहीत नाही. फोटोग्राफर लिहितो, आणि आपणही ते वाचून मान डोलावतो.

मग प्रश्न येतोच: व्यावसायिक फोटोग्राफरला एवढा महागडा कॅमेरा खरंच लागतो का? यावर दोन तयार उत्तरं आहेत. एक, ‘फोटो माणूस काढतो, कॅमेरा नाही.’ दुसरं, ‘साध्या कॅमेऱ्यावर धंदा होत नाही.’ दोन्ही उत्तरं एका वाक्यात संपतात, म्हणून ती फारशी उपयोगाची नाहीत. त्यापेक्षा लग्न आणि कॅमेरा यांचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा व्यवहार बघू. त्यात एकच गोष्ट तपासायची: कोण कुणासाठी थांबलं?

इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाचं लग्न १० फेब्रुवारी १८४० रोजी झालं. फोटोग्राफीची दागेरची पद्धत आदल्याच वर्षी, १८३९मध्ये, जगासमोर आली होती. पण त्या लग्नाचा फोटो नाही. इंटरनेटवर ‘राणीच्या लग्नाचा फोटो’ म्हणून जो फिरतो तो रॉजर फेंटनने १८५४मध्ये काढलेला आहे, म्हणजे लग्नानंतर चौदा वर्षांनी, दरबारी पोशाखात.

त्याच १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते, त्यांचे बंधू नारायण दाजी फोटोग्राफी करत, आणि हरिश्चंद्र चिंतामणी यांचं नाव मुंबईतल्या सुरुवातीच्या भारतीय फोटोग्राफरांमध्ये घेतलं जातं. त्या काळी नव्याने आलेल्या ओल्या काचेच्या पद्धतीत काचेवर रसायन ओतायचं, ते ओलं असतानाच काच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत अंधाऱ्या खोलीत धुवायची. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत. फोटो घेताना समोरच्या माणसाने काही सेकंद पुतळ्यासारखं बसायचं. डोकं हलू नये म्हणून मागे लोखंडी आधार लावत.

या यंत्राने अक्षता टिपणं शक्यच नव्हतं. त्यामुळे कॅमेरा मांडवात गेला नाही, नवरा-नवरीच स्टुडिओत आले. जुन्या घरांतल्या भिंतीवर तो फोटो असतो: एक जण खुर्चीत, एक जण उभं, मागे रंगवलेला पडदा, चेहऱ्यावर हसू नाही. आपण त्याला लग्नाचा फोटो म्हणतो, पण त्यात लग्न कुठेच नसतं.

कॅमेरा मांडवात स्थिरावला तो रोल आणि फ्लॅश आल्यावर. आपल्याकडे अनेक स्टुडिओवाल्यांचा आधार होता दोन लेन्सचा, वरून वाकून बघायचा याशिकासारखा कॅमेरा. परदेशी कॅमेरे सहज आयात करता येत नसत, त्यामुळे एकच कॅमेरा जपून वर्षानुवर्षं वापरायचा. कृष्णधवल रोल मात्र देशी मिळू लागले होते. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सने १९६७पासून ‘इंदू’ नावाने ते बनवले. चौकोनी फोटो देणाऱ्या त्या कॅमेऱ्यात एका रोलमध्ये बारा फोटो. बारा संपले की नवा रोल भरेपर्यंत लग्न पुढे गेलेलं.

आता अंतरपाटाचा क्षण डोळ्यांसमोर आणा. मंगलाष्टका संपतात, ‘सावधान’ होतं, पडदा बाजूला जातो, अक्षता उडतात, हार पडतात. सगळा खेळ काही सेकंदांचा. फ्लॅश एकदा उडाला की पुन्हा भरायला वेळ घेणार आणि रोल हाताने पुढे सरकवायचा. म्हणजे त्या क्षणाला फोटो एकच. तो बरा आला की नाही, हे रोल धुतल्यावरच कळणार.

फ्लॅशचं गणितही कठोर होतं. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई उरतो. म्हणून जुन्या अल्बममध्ये वधूवर पांढरेफटक दिसतात आणि मागचं कार्यालय काळंकुट्ट. रुखवताशी उभी असलेली आत्या, दाराशी डोळे पुसणारे वडील, सगळे त्या अंधारात गेले.

यावर फोटोग्राफरने उपाय शोधला, लग्न थांबवायचं. ‘हार तसाच वर धरा. इकडे बघा. भटजीबुवा, एक मिनिट.’ ऐंशी-नव्वदच्या दशकात व्हिडिओ आला, त्याच्याबरोबर वायर ओढत हॅलोजनचा दिवा घेऊन हिंडणारा पोरगा आला आणि अख्खं कार्यालय डोळे मिचकावू लागलं. ही फोटोग्राफरची मग्रुरी नव्हती. प्रकाश कमी आणि संधी एक, या अडचणीतून काढलेली ती वाट होती.

डिजिटलमध्ये ही अडचण टप्प्याटप्प्याने सुटली. निकॉनचा डी-१ हा १९९९चा व्यावसायिक कॅमेरा पावणेतीन मेगापिक्सेलचा होता. २००३मध्ये कॅननचा ३००डी सहाच्या वर गेला, २००५चा ५डी पावणेतेरावर. लग्नाच्या अल्बमचं बारा बाय अठरा इंचांचं पान इंचाला २०० ठिपके धरून छापलं तर सुमारे साडेआठ मेगापिक्सेल पुरतात. फोनच्या फुल एचडी स्क्रीनला साधारण दोन-अडीच. म्हणजे मेगापिक्सेलची शर्यत लग्नापुरती वीस वर्षांपूर्वीच संपली.

खरी क्रांती अंधारात झाली. रोलच्या काळात ४०० आयएसओचा रोल म्हणजे वेगवान. २००७चा निकॉन डी-३ नेहमीच्या वापरात ६४०० आयएसओ देऊ लागला, म्हणजे सोळापट कमी प्रकाशात काम. फ्लॅशशिवाय मागचं कार्यालय दिसू लागलं. दाराशी उभे असलेले वडील फोटोत आले. ही सोय त्या वेळी फक्त महाग कॅमेऱ्यात होती, त्यामुळे ‘चांगला फोटोग्राफर म्हणजे महाग कॅमेरा’ हे समीकरण तेव्हा बऱ्यापैकी खरं होतं. ते डोक्यात पक्कं बसलं, आणि तंत्रज्ञान स्वस्त झाल्यावरही निघालं नाही.

आज जुना, वापरलेला कॅमेराही कार्यालयाच्या ट्यूबलाइटमध्ये निभावून नेतो. लेन्सचा हिशेब तर आणखी बोलका आहे. कॅमेऱ्यासोबत फुकटात येणारी साधी झूम लेन्स पूर्ण झूम केल्यावर एफ ५.६ पर्यंतच उघडते. एफ १.८ची ५० मिलिमीटर लेन्स तिच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते, आणि ती दहा-बारा हजारांच्या आसपास मिळते. अडीच लाखांच्या कॅमेऱ्याला साधी झूम लावली, तर दहापट प्रकाशाचा हा फायदा बारा हजारांची लेन्स वापरणाऱ्याकडे जातो.

मग महागड्या कॅमेऱ्यात लग्नवाल्याच्या कामाचं काय आहे? एक अगदी रटाळ गोष्ट आहे: मेमरी कार्डाचा दुसरा खाचा. कॅननच्या ५डी मार्क टूमध्ये (२००८) एकच कार्ड बसायचं, मार्क थ्रीमध्ये (२०१२) दोन बसू लागली. प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन ठिकाणी. २०१८मध्ये निकॉनचे झेड ६, झेड ७ आणि कॅननचा ईओएस आर आले, उत्तम कॅमेरे, पण कार्ड एकच. लग्नवाल्यांनी त्यावर सडकून टीका केली. २०२०मध्ये झेड ६ टू आणि झेड ७ टू आले, दोन खाचांसह. फोटो चांगले येत नाहीत अशी तक्रार नव्हतीच. कार्ड मेलं तर काय, हा प्रश्न होता.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळतं. आमच्याकडे सर्व्हर पडला तर पुन्हा चालू करतो, नवी आवृत्ती बिघडली तर जुनी परत आणतो. अंतरपाटाची जुनी आवृत्ती परत आणता येत नाही. म्हणून व्यावसायिकाला लागतो तो भरवसा: दोन कॅमेरे, जुने चालतील, दोन कार्डं, मोठ्या उघडीपीच्या एक-दोन लेन्स, एक फ्लॅश, जादा बॅटऱ्या. दोन मध्यम कॅमेरे एका भारी कॅमेऱ्यापेक्षा लग्नात जास्त कामाचे.

हा वाद निव्वळ शौकिनांचा असता तर सोडून दिला असता. पण तालुक्याच्या गावात बाविशीतला एखादा मुलगा या धंद्यात उतरतो तेव्हा त्याला पहिला सल्ला मिळतो तो महागडा कॅमेरा हप्त्यावर घेण्याचा. मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात आणि आषाढात थांबतात. हप्ता मात्र चातुर्मासातही भरावा लागतो. दोन-अडीच लाख एकाच बॉडीत अडकले की दुसरी बॉडी राहते, लेन्स राहते, बॅकअपची हार्ड डिस्क राहते. कोटेशनमध्ये भारी नाव येतं आणि भरवसा तिथेच कमी होतो. त्याला तिकडे ढकलणारे आपणच, कारण आपण यादीतलं नाव बघून मान डोलावतो.

यात एक गंमतही आहे. लग्न न थांबवता टिपता येईल असा कॅमेरा घडवायला पावणेदोनशे वर्षं लागली. तो हातात आल्यावर आपण लग्न आधीपेक्षा जास्त थांबवू लागलो: प्री-वेडिंग, धुराचं यंत्र, ड्रोनसाठी पुन्हा एकदा एंट्री, इन्स्टाग्रामसाठी पुन्हा एकदा हार. याशिकावाल्याचा नाइलाज होता, आपल्याला तसं म्हणायची सोय नाही.

पुढच्या वेळी घरात कुणाचं लग्न ठरलं तर फोटोग्राफरला कॅमेऱ्याचं नाव विचारू नका. तीन गोष्टी विचारा. मंगलाष्टका चालू असताना हातातला कॅमेरा बंद पडला तर दुसरा कुठे असेल? त्या रात्री झोपण्यापूर्वी आमचे फोटो किती ठिकाणी साठवलेले असतील? आणि निवडक दहा फोटो नकोत, अंधाऱ्या कार्यालयातलं एक अख्खं लग्न दाखवाल का? ज्याच्याकडे या तिन्हींची उत्तरं आहेत, त्याच्या हातात कुठलाही कॅमेरा असू द्या. त्याला ठरवा, आणि ॲडव्हान्स वेळेवर द्या.